डॉक्टर म्हणतात हिपॅटायटिस सी बरा होतो, रिव्ह्यू म्हणतो मृत्यू कमी होतात याला पुरावा नाही. विश्वास कुणावर ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडिलांना हिपॅटायटिस सी आहे, डॉक्टरांनी बारा आठवड्यांच्या गोळ्या सांगितल्या आहेत आणि आजार पूर्ण बरा होईल असं ते म्हणतात. तुम्ही शोधाशोध केली तेव्हा कॉक्रेनचा (उपचारांवरच्या ट्रायल्स एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा) रिव्ह्यू हाती लागला. या गोळ्यांनी मृत्यू कमी होतात असा पुरावा मिळाला नाही, असं त्यात लिहिलंय. शिवाय या गोळ्यांनी लिव्हरचा कॅन्सर वाढतो असंही कुठेतरी वाचलंत, आणि कॅन्सरच्या औषधांच्या संशोधनातही असाच घोळ असतो का, असं विचारलंत.

मी डॉक्टर नाही. ट्रायल्सचे पेपर वाचायचे, त्यातले आकडे काढायचे आणि ते कितपत धरून चालतील हे तपासायचं, हे माझं काम. त्यामुळे वडिलांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच. पण मला विचाराल तर कोर्स घ्यावा. रिव्ह्यूमध्ये खोटं काही लिहिलेलं नाही, तरीही.

तो रिव्ह्यू २०१७ चा. त्यात १३८ ट्रायल्स आणि २५,२३२ रुग्ण आहेत. एवढा पसारा पाहिला की माणूस दबतोच. पण मृत्यू किंवा आजारामुळे होणारी गंभीर गुंतागुंत या मुद्द्यावर त्यातल्या फक्त ११ ट्रायल्स कामी आल्या, रुग्ण २,९९६. तिथे ओड्स रेशो (औषधाच्या गटातला धोका बिनऔषधाच्या गटाच्या साधारण किती पट) निघाला ३.७२ आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या टप्प्यात असू शकतो तो टप्पा) ०.५३ ते २६.१८. पहिला आकडा सोडा, इंटरव्हल बघा. १ म्हणजे दोन्ही गटांत काही फरक नाही. इथे धोका जवळजवळ निम्मा होतो इथपासून तो सव्वीसपट होतो इथपर्यंत काहीही बसू शकतं. म्हणजे या ट्रायल्सना या प्रश्नाचं उत्तर माहीतच नाही. रिव्ह्यू करणाऱ्यांनीही हा पुरावा अत्यंत कमी दर्जाचा असल्याचं नोंदवलंय. पण बातमी दोन-चार हातांतून फिरली की ‘पुरावा मिळाला नाही’चं ‘उपयोग नाही’ होऊन जातं.

उत्तर का मिळालं नाही? हा विषाणू लिव्हरचं सिरॉसिस (व्रणांनी लिव्हर कडक होणं) करायला बहुधा वीस-तीस वर्षं घेतो, आणि ट्रायल काही महिन्यांत आटोपते. त्यातही कित्येक ट्रायल्समध्ये प्लासिबोवाल्यांना (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांना) ठरलेल्या आठवड्यांनंतर खरं औषध दिलं गेलं. ते योग्यच झालं, पण मग पुढे तुलना करायला दुसरा गटच उरत नाही. म्हणून या ट्रायल्सनी मोजलं ते एसव्हीआर: कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय साहित्य) सापडतो का? नाही सापडला तर एसव्हीआर मिळाला. आताच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त रुग्णांमध्ये तो सापडत नाही. आधीच्या पेगइंटरफेरॉन-रिबाव्हिरिनमध्ये ४८ आठवडे इंजेक्शनं सोसूनही जिनोटाइप १ (विषाणूचा एक प्रकार) असलेल्या निम्म्या लोकांनाही हे साधत नव्हतं.

आता रिव्ह्यूवाल्यांची बाजू. रक्तातल्या आकड्यावर भिस्त ठेवून आपण यापूर्वी तोंडघशी पडलोय, आणि तेही याच आजारात. हॉल्ट-सी नावाच्या ट्रायलमध्ये १,०५० रुग्ण होते, सगळे असे की आधीच्या उपचाराने विषाणू गेला नव्हता आणि लिव्हर बरंच खराब झालं होतं. अर्ध्यांना साडेतीन वर्षं कमी डोसचं पेगइंटरफेरॉन दिलं, अर्ध्यांना काहीच नाही. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) उतरला, एएलटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) उतरलं, बायोप्सीत सूजही कमी दिसली. रिपोर्ट हातात घेतलेला कुणीही खूश झाला असता. पण मृत्यू, लिव्हर कॅन्सर, लिव्हर निकामी होणं, फायब्रोसिस (लिव्हरमधले व्रण) वाढणं हे सगळं मिळून मोजलं तेव्हा औषधाच्या गटात ३४.१ टक्के आणि बिनऔषधाच्या गटात ३३.८ टक्के. हे २००८ साली छापून आलं. एवढं बघितल्यावर ‘एसव्हीआर मिळाला म्हणजे माणूस जास्त जगेल हे कशावरून?’ असं कुणी विचारलं तर तो खोडसाळपणा नव्हे.

मग मी गोळ्यांच्या बाजूने का? एक तर हॉल्ट-सीमध्ये विषाणू कमी झाला होता, गेला नव्हता. हिपॅटायटिस बी चा विषाणू पेशीच्या केंद्रकात आपला डीएनए ठेवून दबा धरून बसतो. सी तसं करत नाही. एकदा एसव्हीआर मिळाला की तोच विषाणू परत उगवणं अगदी क्वचित घडतं, नव्याने लागण मात्र होऊ शकते. आणि दुसरं म्हणजे २०१९ साली लॅन्सेटमध्ये आलेला फ्रान्समधला अभ्यास. हेपॅथर नावाची जवळपास दहा हजार रुग्णांची कोहॉर्ट, आणि त्यांचा मागोवा काही वर्षं घेतलेला. तुमचा कॅन्सरवाला प्रश्नही इथेच सुटतो, म्हणून जरा थांबून बघू.

त्या पेपरातला कच्चा आकडा असा: गोळ्या घेतलेल्यांमध्ये लिव्हर कॅन्सरचा धोका न घेतलेल्यांच्या २.७७ पट. इथेच पान मिटलं तर तुम्ही गोळ्या कचऱ्यात टाकाल. पण गोळ्या आधी कुणाला मिळाल्या? ज्यांचं लिव्हर जास्त खराब होतं, सिरॉसिस होतं, वय जास्त होतं, त्यांना. कॅन्सरही त्यांनाच जास्त होणार होता, गोळी घेतली तरी आणि न घेतली तरी. वय, फायब्रोसिस, दारू, मधुमेह वगैरे हिशेबात धरून पुन्हा गणित केलं तर कॅन्सरसाठी तोच आकडा ०.६६ वर येतो आणि मृत्यूसाठी ०.४८ वर, म्हणजे मृत्यूचा धोका निम्म्याखाली. मला हा पेपर पटतो याचं आणखी एक कारण म्हणजे सगळंच गोडगोड निघालेलं नाही: सिरॉसिस हाताबाहेर जाण्याच्या बाबतीत फायदा दिसला नाही आणि लेखकांनी तो आकडाही तसाच छापलाय. अर्थात ही रँडम ट्रायल (कुणाला औषध मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेली) नव्हे. जे मोजलंच नाही ते हिशेबात धरता येत नाही. ‘अ‍ॅडजस्ट केलं’ असं कुणी लिहिलं की कशाकशासाठी केलं ते तक्त्यात जाऊन बघायची सवय लावून घ्या, तुमचे अर्धे गोंधळ तिथेच मिटतील.

कॅन्सरची भीती मुळात पसरली ती २०१६ च्या बार्सिलोनातल्या एका अभ्यासाने. लिव्हर कॅन्सरचे उपचार होऊन गेलेल्या ५८ लोकांना या गोळ्या दिल्या, त्यांतल्या १६ जणांमध्ये सहाएक महिन्यांत गाठ परत आली. आकडा घाबरवणारा आहे, पण तुलनेला गटच नव्हता, आणि लिव्हरचा कॅन्सर परत येण्यासाठीच बदनाम आहे. पुढे फ्रान्समध्येच गोळ्या न घेतलेल्यांशी तुलना झाली, तेव्हा धोका वाढलेला दिसला नाही. तरी पहिल्या अभ्यासाला मी नावं ठेवणार नाही. शंका आली, त्यांनी ती छापली, म्हणून बाकीच्यांनी तपासली.

कॅन्सरच्या औषधांत याहून वाईट परिस्थिती असते, कारण तिथे घाई जास्त. लिव्हर कॅन्सरसाठी निव्होलुमॅबला अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये वेगवान मंजुरी दिली. आधार काय, तर १५४ रुग्ण, त्यांतल्या १४.३ टक्के लोकांची गाठ लहान झाली. समोर तुलनेला गट नाही. मग सोराफेनिबच्या (लिव्हर कॅन्सरच्या आधीपासूनच्या औषधाच्या) समोर ठेवून मोठी ट्रायल झाली: १६.४ महिने विरुद्ध १४.७ महिने जगणं, आणि तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो असा निकाल. २०२१ मध्ये एकट्या निव्होलुमॅबचा हा वापर कंपनीने मागे घेतला. याउलट अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी थेट सोराफेनिबशीच लढवली गेली आणि जगण्याचाच हिशेब मांडला गेला: वर्षभराने ६७.२ टक्के जिवंत, सोराफेनिबवर ५४.६. बातमीत दोन्ही औषधं ‘आशेचा किरण’च होती, हे वेगळं सांगायला नको.

भुईआवळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वडिलांना कुणीतरी सुचवणारच. १९८८ साली मद्रासहून लॅन्सेटमध्ये छापून आलं की हिपॅटायटिस बी च्या ३७ जणांपैकी २२ जणांचा सरफेस अँटिजेन (रक्तातली बी च्या लागणीची खूण) महिनाभराच्या भुईआवळीने गेला, प्लासिबोवर २३ पैकी एकाचाच. दोनच वर्षांनी थायलंडमध्ये करून पाहिलं तर तसं काही झालं नाही. नंतरच्या रिव्ह्यूलाही प्लासिबोहून ती सरस असल्याचा पटण्याजोगा पुरावा मिळाला नाही. आणि मुळात तो आजार बी होता, वडिलांना सी आहे.

आता तुमच्या कामाचं. रँडम ट्रायल म्हणजे सगळ्यात वरचा पुरावा असं सर्रास शिकवलं जातं, पण ट्रायलमध्ये ज्यांना घेतलंच नाही त्यांच्याबद्दल ती काय बोलणार? सी च्या गोळ्यांच्या ट्रायल्समधून बी ची लागण असलेले रुग्ण वगळलेले होते. औषध बाजारात आल्यावर काहींमध्ये सी गेला आणि दबलेला बी उसळला. एफडीएने २०१६ मध्ये पाकिटावर चौकटीतली सूचना टाकायला लावली तेव्हा त्यांच्याकडे अशा २४ केसेस होत्या, त्यांत दोन मृत्यू आणि एक लिव्हर ट्रान्सप्लांट. हे एकाही ट्रायलमध्ये दिसलं नव्हतं, सुट्या सुट्या नोंदींतून उघड झालं. तेव्हा पहिली गोळी घ्यायच्या आधी एचबीएसएजी (बी चा तोच सरफेस अँटिजेन) आणि अँटी-एचबीसी (बी ची लागण कधी झाली होती का ते सांगणारी) या दोन्ही तपासण्या झाल्या आहेत का ते डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा पहिलीच केलेली असते. आणि वडिलांना सिरॉसिस आहे की नाही हेही स्पष्ट विचारून घ्या. असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी चालू ठेवावी लागते, कारण ०.६६ म्हणजे शून्य नव्हे.