हॉस्पिटलमधल्या सिस्टरना एविडन्स बेस्ड प्रॅक्टिस (संशोधनातला पुरावा बघून काम करणं) ऑनलाइन शिकवता येते का?

येते, पण नुसते व्हिडिओ पाठवून नाही. मी नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात स्टाफचं ट्रेनिंग बघते आणि पहिल्या बॅचला मी तेच केलं होतं, व्हिडिओ आणि शेवटी क्विझ, सगळ्यांना सर्टिफिकेट मिळालं, पण महिन्याभराने पबमेडवर, म्हणजे मेडिकल संशोधनाचे पेपर शोधायच्या वेबसाइटवर, एक पेपर शोधून दाखवा म्हटलं तर कोणालाच जमेना. चूक त्यांची नव्हती. नाइट संपवून ट्रान्सहार्बर लोकलने ठाणे आणि तिथून बदलापूर गाडी पकडणारी बाई तासाभराचं लेक्चर कधी बघणार?

मग वॉर्डातल्या प्रश्नापासून सुरुवात केली. एक सिस्टर म्हणाली, मॅडम, कॅन्युला (शिरेतली सलाइनची नळी) चांगली चालतेय, सूज नाही, लाली नाही, तरी 72 तास झाले म्हणून पेशंटला परत का टोचायचं? झालं, हाच धडा. प्रश्न मांडायची पिको पद्धत म्हणजे पेशंट कोण, करायचं काय, तुलना कशाशी आणि फरक कशात बघायचा, हे प्रत्येकीने फोनवर चार ओळीत मराठीत लिहिलं, मग त्यातले शब्द इंग्लिश करून पबमेडवर टाकले, ते फुकटच आहे. लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला 2012 चा ऑस्ट्रेलियातला ट्रायल सापडला, 3283 पेशंट, कॅन्युला ठरवून तिसऱ्या दिवशी बदलली काय किंवा गरज पडल्यावर काढली काय, फ्लेबायटिस, म्हणजे शिरेला येणारी सूज, दोन्हीकडे 7 टक्केच.

लगेच सगळ्या म्हणाल्या, मग बदलणं बंद करूया! खरं शिकवायचं ते इथेच असतं. गरज पडल्यावर काढायची तर जागा रोज नीट बघणारं कोणीतरी हवं ना, आपल्याकडे नाइटला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात? म्हणून आधी ड्युटी बदलताना हँडओव्हरला प्रत्येक कॅन्युलाची जागा उघडून बघून व्हीआयपी स्कोअर, म्हणजे लाली-सूज किती आहे त्याचा आकडा, लिहायला लागलो, प्रोटोकॉल बदलायचा की नाही ते मग इन्फेक्शन कंट्रोल कमिटीकडे नेलं, परस्पर काही बदललं नाही.

तुम्ही करणार असाल तर धडा दहा मिनिटांचा ठेवा, डाउनलोड होणारा, आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर सगळ्यांनी मिळून एकच पेपर वाचा, बोलणं मराठीतच. आणि मेट्रनशी भांडून का होईना पण हा वेळ ड्युटीतच मिळवा, सुट्टीच्या दिवशी शिका असं सिस्टरना सांगू नका प्लीज, घरी गेल्यावर त्यांची दुसरी ड्युटी सुरू होते.