सॅम्पलचं दूध आणि भाजीचा देठ

मावशी, मी २४ वर्षांचा आहे. गावच्या दूध संकलन केंद्रावर फॅट काढायला असतो. तपासून उरलेलं सॅम्पलचं दूध मी ज्याचं त्याच्या किटलीत परत ओततो, म्हणून सोबतचे मला 'हरिश्चंद्र' म्हणतात. ते असो. मला वक्ता व्हायचंय. गेल्या शिवजयंतीला गावात बोललो. टाळ्या पडल्या, पण खाली उतरल्यावर एक जण म्हणाला, "हे सगळं मोबाईलवर ऐकलंय की!" तेव्हापासून कागद घेतला की हात थांबतो. सगळं कुणीतरी आधीच बोलून ठेवलंय. यंदा १९ फेब्रुवारीला पुन्हा बोलावलंय. नाही म्हणू का?
– एक हरिश्चंद्र

अरे हरिश्चंद्रा,

तो माणूस खरं बोलला असणार. कुणाचं तरी भाषण तू दम घ्यायच्या जागांसकट उचललं होतंस ना? पत्रात तसं लिहिलं नाहीस, पण शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांना मी वर्षानुवर्षं परीक्षक म्हणून बसलेय. एका दुपारी अफजलखान अकरा वेळा मेलेला पाहिलाय, अकराही वेळा त्याच आवेशात.

त्याच दुपारी शेवटी सातवीतली एक मुलगी उठली. वेणीची रिबीन सुटलेली, आवाज बारीक. चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्कराला महाराजांनी लिहिलेल्या पत्रावर ती बोलली. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, गवताजवळ विस्तव नको, रात्री दिवा ठेवलात तर उंदीर पेटती वात पळवेल, असं त्यात बजावलंय. एवढं सांगून ती म्हणाली, "गेल्या साली आमची कडब्याची गंज जळाली. आजी म्हणते, उंदरानंच केलं." वेळ संपल्याची घंटा माझ्या हाताशी होती, ती वाजवायचीच राहिली.

पत्र सगळ्यांना वाचायला मिळतं. उंदीरही त्यात पहिल्यापासून आहे. गंज तेवढी तिची होती.

नवीनच बोलायचं म्हटलं तर आपल्याकडच्या कीर्तनकारांना घरी बसावं लागलं असतं. आख्यानाचा शेवट पहिल्या रांगेतल्या आजीलाही पाठ असतो, तरी ती मांडी मोडून बसते. आणि उसनं घेण्यात लाज कसली? ज्ञानेश्वरांनी तर व्यासांचा मागोवा घेत, भाष्यकारांना वाट पुसत आलो, असं उघड सांगून टाकलंय. तुझं चुकलं ते तिथे. दुसऱ्याचं वाक्य घेतलंस तर त्याचं नाव घे. "अमुक सर म्हणतात" म्हटल्यानं वक्त्याची उंची घटत नाही.

आता ते 'असो'. संबंध पत्रात मला आवडलेली ओळ तू 'असो' म्हणून ढकलून दिलीस! १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना महाराजांनी लिहिलेलं पत्र काढून वाच. रयतेच्या भाजीच्या देठाचाही मोह नको, ही ताकीद त्यात आहे. हे वाक्य दर शिवजयंतीला फलकावर असतं आणि कुणी थांबून वाचत नाही. देठ म्हणजे किती? तुझ्या सॅम्पलच्या बाटलीत मावेल एवढंच काहीतरी. ते परत ओतताना समोरची बाई काय म्हणते, सोबतचे का हसतात, एवढं सांग. मात्र स्वतःची आरती ओवाळू नकोस. एखाद्या दिवशी कंटाळा करून ओतलं नसशील, तर तेही सांग.

भाषणाआधी आठ दिवस व्हिडिओ बंद. कागदावर चार-पाच शब्दच लिही. रात्री आईला सांगून बघ, पाठ म्हणून दाखवू नकोस. ती मध्येच "मग?" म्हणाली तर तो भाग ठेव, भाजी निवडायला लागली तर काढून टाक.

बोलावणं स्वीकार. आणि दहा मिनिटं दिली असतील तर नऊला थांब. मागे पाळणा सजलेला असतो, महाप्रसादाचा वास सुटलेला असतो, त्याच्यापुढे माझंही भाषण कुणी ऐकत नाही.

– मावशी