पहिलटकरीण ठकी आणि राहिलेलं एक पिल्लू

ताई,
आमची मांजर ठकी जेमतेम वर्षाची. नवरा कधीपासून म्हणत होता, ऑपरेशन करून टाकू. मीच अडवलं, म्हटलं एकदा तरी आई होऊ दे. चार पिल्लं झाली. पहिलं मेलेलंच जन्मलं, दुसरं त्याच रात्री गेलं. तिसऱ्याला चौथ्या दिवशी तिने तोंडात धरून खोक्याबाहेर नेलं, दाराशी टाकलं आणि स्वतः खिडकीत जाऊन बसली. मी परत आत ठेवलं, तिने परत बाहेर आणून टाकलं. संध्याकाळी तेही गेलं. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने हे सगळं पाहिलं. ‘ठकीने मारलं ना त्याला?’ असं विचारते आणि तिला जवळ येऊ देत नाही. सासूबाई म्हणतात, तुम्ही हात लावलात म्हणून तिने टाकलं. शेजारीण म्हणते, गाभण असताना कॅल्शियम दिलं नाहीस म्हणून पिल्लं अशक्त निघाली. नवरा काहीच म्हणत नाही, आणि तेच जास्त लागतं. ठकी रात्रभर ओरडत घरभर फिरते. चौथं पिल्लू सहा दिवसांचं आहे, बरं आहे, काल 112 ग्रॅम भरलं, आजही तेवढंच. ठकीला सावरायला पुन्हा एकदा पिल्लं होऊ द्यावीत का?
– अपराधी

प्रिय मुली,

तू घेतलेल्या नावाने मी तुला हाक मारणार नाही. आणि तुझ्या प्रश्नांच्या क्रमानेही जाणार नाही, कारण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू शेवटी सहज लिहून मोकळी झालीस: काल 112, आजही तेवढंच. पत्र वाचल्या वाचल्या तुला कळवलं होतं की दुसरं सगळं राहू दे, आधी पिल्लाला डॉक्टरांकडे ने. तू नेलंस, वरचं दूध सुरू झालं, वजन हललं, हे तुझ्या नंतरच्या दोन ओळींवरून कळलं. तरी इथे पुन्हा लिहिते, कारण ‘बरं आहे’ म्हणणाऱ्या अनेक घरांत नेमकं हेच नजरेतून सुटतं.

मांजराचं पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण 90 ते 110 ग्रॅमचं असतं. पहिल्या दिवशी किंचित उतरलं तर घाबरू नये, पण पुढे रोज निदान 10 ग्रॅम तरी वाढायला हवेत. दोन आठवडे होईतो ते जन्मवजनाच्या दुप्पट होतं. म्हणजे सहाव्या दिवशी 112 हा आकडा मुळातच कमी, आणि त्यात तो जागचा हलत नाही. पिल्लू आजारी पडलं की ते डोळ्यांना दिसायच्या आधी काट्यावर दिसतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. त्यावर वाडगा ठेव, आत मऊ फडकं, मग काटा शून्यावर आण आणि पिल्लू ठेव. ते वळवळतं, आकडा 109 वर जातो, 116 वर जातो. घाई करू नकोस, पिल्लू पोटावर पसरून क्षणभर स्थिरावलं की जो आकडा दिसेल तो लिही. रोज एकाच वेळेला, ठकीच्या डोळ्यांदेखत. ती वाडग्यात नाक घालेल, घालू दे. एक दिवस वजन वाढलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर, उतरलं तर तासाभरात.

दुसरी गोष्ट उबेची. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. चार पिल्लं एकमेकांना चिकटून ऊब धरतात. तुझं एकटं आहे, त्यामुळे ठकी उठून गेली की ते लगेच गार पडतं. पहिल्या आठवड्यात त्याच्या आजूबाजूला 29 ते 32 अंश सेल्सियस उष्णता हवी. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेव, म्हणजे जास्त वाटलं तर सरकायला त्याला जागा राहील. आणि हे मात्र पक्कं ध्यानात ठेव: गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही. आधी हळूहळू ऊब, मग दूध. थंड अंगात आतडी काम करत नाहीत, दूध तसंच साचतं किंवा फुप्फुसात जातं. पाजताना पिल्लू पोटावर हवं, तान्ह्या बाळासारखं उताणं नाही. दूध पिल्लांसाठी तयार मिळतं तेच, गाईचं नको, जुलाब होतात.

आता तिसऱ्या पिल्लाकडे येते. मला वाटतं, तुझ्या मनात खरं टोचतंय ते तेच.

ठकीने त्याला मारलं नाही. जगण्याच्या वाटेवर असलेलं पिल्लू ओरडतं, ढुशा देतं, आचळ शोधून ओढतं. आतून आजारी असलेलं पिल्लू यातलं काही करत नाही. ते गार पडतं, गप्प होतं, आणि आईला त्याच्याकडून ‘मी आहे’ असा निरोप मिळणंच थांबतं. मग कोणी भाटी त्याच्यावरून उठून जाते, कोणी त्याला बाहेर नेऊन ठेवते, एखादी मेल्यावर खातेसुद्धा. आपल्याला ते बघवत नाही. पण त्यामागे निष्ठुरपणा नाही, आणि ठकी नवखी आहे म्हणून असं झालं असंही नाही. चार-चार वेळा व्यालेल्या मांजरीही असंच वागतात. आपण अशा वेळी काय करू शकतो, तर टाकलेलं पिल्लू पुन्हा पुन्हा आईपुढे न ठेवता वेगळं ऊबेला घेऊन तातडीने डॉक्टरांकडे जाणं. वाचेलच असं नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लं जातात त्याला कारणं पुष्कळ: जन्मतः कमी वजन, आतला एखादा दोष, संसर्ग, पहिल्या दिवसाचा चीक पुरेसा पोटात न जाणं. कधी तर आईचा आणि पिल्लाचा रक्तगटच जुळत नाही, आणि पिल्लाला चिकातूनच अपाय होतो. यातलं तुझ्या घरी नेमकं काय झालं ते आता कळणार नाही. गेलेलं पिल्लू लगेच डॉक्टरांकडे तपासणीला नेलं तर कधी कधी कारण सापडतं, हे मात्र पुढे कोणावर वेळ आली तर उपयोगी पडेल. नेईपर्यंत ते फ्रीजमध्ये ठेवावं, बर्फाच्या कप्प्यात नाही.

सासूबाईंचं म्हणणं फार जुनं आहे आणि बहुतेक घरांत ऐकू येतं. ज्या मांजरीला तुमचा वास रोजचा आहे, ती तुमचा हात लागला म्हणून पिल्लू टाकत नाही. सतत डोकावणं, पाहुण्यांना दाखवणं, खोकं हलवणं याने मात्र ती बिथरते आणि पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते याचसाठी. सासूबाईंशी वाद घालू नकोस. ‘डॉक्टरांनीच रोज वजन करायला सांगितलंय’ एवढं म्हण, विषय मिटेल.

शेजारणीचं तर साफ चुकलं. गाभण मांजरीला आपल्या मनाने कॅल्शियम द्यायचंच नसतं. बाहेरून आयतं मिळालं की हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची सवय मोडते, आणि मग दूध सुरू झाल्यावर, गरज वाढते तेव्हा, रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येऊ शकतं. तू दिलं नाहीस ते बरं केलंस. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मांजरीला पिल्लांचं म्हणून जे खाणं मिळतं ते द्यावं; त्यात लागेल तेवढं सगळं असतं.

ठकी रात्री ओरडत फिरते ती शोधत असते. काही दिवसांत हे कमी होतं, आणि एक पिल्लू जवळ असल्यामुळे तिला मुक्काम करायला जागा आहे. पण ओरडण्यामागे दुखणं नाही ना, हे तुलाच बघावं लागेल. चार पिल्लांच्या हिशेबाने आलेलं दूध आता एकटं पिल्लू पितंय, आणि ते ठरावीक आचळांनाच लागतं. उरलेली तटतटतात. रोज एकदा ती कुशीवर पडली असताना पोटावरून हलका हात फिरव. एखादी गाठ कडक, गरम, लालसर-जांभळी लागली किंवा ठकीने झटकन वळून दात दाखवले, तर डॉक्टर. दूध कमी व्हावं म्हणून पिळत बसू नकोस, पिळलं की आणखी येतं. खालून तांबूस-तपकिरी स्राव दोन-तीन आठवडे थोडा थोडा जातो, ते चालतं. घाण वास, पू किंवा ताजं रक्त चालत नाही. अंग थरथरायला लागलं, पाय ताठ झाले, चालताना तोल गेला तर सकाळची वाट न बघता रात्रीच गाठायचं. कॅल्शियम उतरल्याची ती खूण असते आणि त्यात जीव जातो. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीच नाही. मांजराला ती विष आहे.

लेकीशी सरळ बोल. ‘झोपलं’, ‘देवाघरी गेलं’ यांवर नऊ वर्षांचं मूल विश्वास ठेवत नाही, ते फक्त आपल्यापुढे मान डोलावतं. तिला सांग: पिल्लू आतून आजारी होतं, ठकीला ते आपल्याआधी कळलं, तिने मारलं नाही. पुन्हा विचारेल, पुन्हा सांग. आणि वजनाची वही तिच्या हाती दे. तारीख, आकडा, ठकीने आज काय केलं. ठकीला कुरवाळ म्हणून आग्रह नको. रोज वजन करताना ती शेजारी बसलीच तर तिचं तिला कळेल.

आता पुन्हा पिल्लं होऊ देण्याचं. नको. ठकीला त्याने काही भरून मिळणार नाही. मांजर गेलेल्या पिल्लांची उणीव पुढच्या खेपेत भरून काढत नाही. एकदा तरी व्यायला हवं, तब्येतीला बरं असतं, यातही तथ्य नाही. उलट लहान वयात ऑपरेशन झालेल्या मांजरींना आचळांच्या कर्करोगाचा धोका खूप कमी राहतो. भरून यायला हवंय ते तुला, आणि त्यासाठी तिला पुन्हा 63-65 दिवसांच्या गाभणपणातून न्यायचं, हे तूच शांतपणे विचार केलास तर तुला पटणार नाही. तू ‘एकदा होऊ दे’ म्हणालीस त्यात वाईट हेतू नव्हता. निर्णय मात्र चुकला. तो पिल्लं गेल्यामुळे चुकीचा ठरला नाही, चारही जगली असती तरी चुकीचाच होता, असं माझं मत आहे. रागावलीस तरी चालेल.

हेच नवऱ्याला तू आपणहून सांग: ‘ऑपरेशनचं तू म्हणत होतास ते बरोबर होतं.’ तो गप्प आहे म्हणजे मनातून दोष देतोय, असं तू परस्पर ठरवून टाकलं आहेस. दाराशी पडलेलं पिल्लू त्यानेही पाहिलं असेल. पुरुष गप्प बसले की बायका त्या गप्प बसण्याचा अर्थ लावतात, आणि दर वेळी स्वतःच्या विरुद्धच लावतात, हे मी या स्तंभात इतक्या वेळा वाचलं आहे की आता नवल वाटत नाही.

डॉक्टरांशी दोघं मिळून बोला. पिल्लू चौथ्या आठवड्यापासून हळूहळू खायला लागेल, सात-आठ आठवड्यांत दूध सुटेल. त्यानंतर ठकीचं दूध आटलं की ऑपरेशन. पिल्लाला मात्र त्यानंतरही महिनाभर आईजवळच राहू दे. भावंडं नसलेलं पिल्लू किती जोरात चावायचं हे आईकडूनच शिकतं. आणि तोवर खिडक्या-दारांकडे लक्ष असू दे. दूध पाजत असतानाही मांजर माजावर येते, आणि बाहेरच्या बोक्याला ते तुमच्या आधी कळतं.

– तुझी ताई