स्लॅब गळतोय, खर्च कोणी करायचा?

प्रश्न : ताई, आम्ही भुसावळला वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, भाडं सहा हजार, करार सगळा तोंडीच. पाऊस लागला की बेडरूमचा स्लॅब गळतो, पोपडे पलंगावर पडतात आणि आता तर लाइटच्या बोर्डाला हात लावला की झिणझिण्या येतात. घरमालक काका म्हणतात राहता तुम्ही तर करून घ्या तुम्हीच. मिस्त्रीने वॉटरप्रूफिंगचे चोवीस हजार सांगितलेत. भाडं देणं बंद करू का?

उत्तर : भाऊ, आधी त्या बोर्डाची लाइन मेनवरून बंद करा आणि आजच्या आज वायरमन बोलवा, घरात लेकरं असतील तर त्या खोलीत झोपूच नका. बाकीचं सगळं नंतर.

भाडं मात्र बंद करू नका, थकलं की घर खाली करून घ्यायला काकांना आयतं कारण मिळतं. आपल्याकडे उन्हाळ्यात 45 डिग्रीला स्लॅब तापतो, रात्री गार होतो, असं रोज होऊन कोब्याला चिरा पडतात आणि पावसाचं पाणी तिथूनच आत शिरतं, यात भाडेकरूचा काय दोष? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14 बघा : वेगळं काही ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचंच काम. तुम्ही त्यांना किमान 15 दिवसांची लेखी नोटीस द्या, स्पीड पोस्टाने, सोबत फोटो, पोचपावती जपून ठेवा. तरीही त्यांनी वाजवी वेळेत काम केलं नाही तर तुम्ही करून घेऊन खर्च भाड्यातून कापू शकता, पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. तुमचं वर्षाचं भाडं 72 हजार, म्हणजे एका वर्षात 18 हजार. चोवीस लागणार असतील तर वरच्या सहा हजारांचं काकांशी आधी बोला आणि जे ठरेल ते लिहून घ्या. मिस्त्रीकडून पक्कं बिल घ्या, हिशोबाला तेच चालतं.

तोंडी कराराचं म्हणाल तर करार लिहून रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, कलम 55, आणि तो केलेला नसेल तर अटींबद्दल तुमचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं आहे हे त्यांना सिद्ध करावं लागतं. रागाने नळ किंवा लाइट तोडली तर तेही बेकायदेशीर, कलम 29. ज्यांचं घर 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर आहे त्यांनी मात्र कलम 14 वर विसंबू नका, तिथे करारात दुरुस्तीचं काय लिहिलंय ते सहीच्या आधीच वाचा.

आणि कूलरचं पाणी सांडून भिंत फुगली, नळाचा वायसर गेला, काच फुटली, असलं काकांना सांगू नका, ते आपलं आपण करायचं.

वॉटरप्रूफिंग कोरड्या स्लॅबवरच नीट बसतं. म्हणून नोटीस आत्ता पाठवा आणि उघडीप मिळेपर्यंत काकांना विचारून गच्चीवर ताडपत्री टाका.