तालुक्याला बसस्थानक असताना एसटीचे वेगळे आगार कशासाठी हवे?

तालुक्याच्या गावी बसस्थानक आहेच, मग आसपासची गावे आगाराची मागणी एवढी लावून का धरतात, असा आपला प्रश्न आहे. स्थानकात गाड्या येतात आणि जातात. आगारात त्या वस्तीला असतात. तेथे त्यांची दुरुस्ती होते, डिझेल भरले जाते, चालक-वाहकांच्या ड्युट्या लागतात आणि कोणत्या गावाला किती वाजता फेरी सोडायची हेही बरेचसे तेथूनच ठरते. आगार लांब असले की गाडी मार्गाला लागेपर्यंतच बरेच किलोमीटर रिकामे जातात, आणि गाड्या कमी पडल्या की पहिली गदा आडवाटेच्या फेऱ्यांवर येते.

हा फरक मुक्कामी गाडीवरून नीट कळतो. मी आठवी ते बारावी अशाच गाडीने शिकलो. रात्री साडेआठच्या सुमारास ती देवळासमोर येऊन उभी राहायची, चालक-वाहक ओवरीत पथारी टाकायचे आणि पहाटे इंजिनाची घरघर सुरू झाली की वरच्या आळीतली पोरे दप्तरे सावरत उतारावरून धावत सुटायची. एका वर्षी ही फेरी काही महिने बंद पडली, तेव्हा आम्ही मुलगे सायकलींवर गेलो. वर्गातल्या दोन मुली मात्र ज्या घरी बसल्या, त्या पुन्हा शाळेत आल्याच नाहीत. गाडी चालू राहिली असती तर त्या शिकल्या असत्या, असे मला आजही वाटते.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली; आज राज्यात सुमारे २५० आगारे आहेत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. ही सवलत मोलाची आहे, पण ज्या गावात गाडीच येत नाही तेथल्या बाईच्या पदरात ती पडत नाही.

नवे आगार मंजूर व्हायला जागा, निधी आणि गाड्या असे सगळेच लागते, त्यामुळे त्याला वेळ लागतो. तोवर निदान मुक्कामी फेरी तरी मागावी. ग्रामसभेचा ठराव, पास काढणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा जोडून अर्ज आगार व्यवस्थापकांकडे द्यावा, त्याची प्रत विभाग नियंत्रकांना पाठवावी आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून परतू नये.