गाडी भाड्याने घेऊन आणि हॉस्टेलमध्ये राहून स्कॉटलंडची बेटे कमी खर्चात पाहता येतात का?

दोघांनी आठ-नऊ दिवसांत, गाडीने, हॉस्टेलमध्ये मुक्काम करत स्कॉटलंडची बेटे पाहायची असतील तर ते परवडेल का, आणि स्काय, मल, आयला, हॅरिस यांपैकी कोणती निवडावीत, असे तुम्ही विचारले आहे. परवडते. मात्र ही चारही बेटे एकाच फेरीत बसवण्याचा विचार सोडून द्यावा. ग्लासगोत नोकरीनिमित्त राहत असताना मी आणि माझी मावसबहीण मे महिन्याच्या अखेरीस नऊ दिवस असा प्रवास करून आलो. तेव्हाच्या हिशेबाच्या वहीवरून सांगते, की पैसे हॉस्टेलच्या खाटेवर जात नाहीत. ते गाडीचे भाडे, पेट्रोल आणि गाडी बोटीवर चढवण्याचे भाडे यांवर जातात. म्हणून बेटांची एकच माळ धरावी आणि तिच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावे, उलटे फिरू नये.

आम्ही स्कॉटलंडच्या वायव्येला समुद्रात असलेली आउटर हेब्रिडीज ही माळ धरली; हॅरिस तिच्यातच येते. बॅरापासून लुईसच्या उत्तर टोकापर्यंत ती सुमारे दोनशे किलोमीटर पसरली आहे आणि तिच्यातली बरीच बेटे आता बांधरस्त्यांनी जोडलेली आहेत : साउथ यूइस्ट व बेन्बेक्युला यांच्यामध्ये १९४२ साली आधी पूल झाला आणि त्याच्या जागी पुढे बांध आला, बेन्बेक्युला व नॉर्थ यूइस्टमधला १९६०चा, बर्नरेला नॉर्थ यूइस्टशी जोडणारा १९९९चा आणि एरिस्केला साउथ यूइस्टशी जोडणारा २००१चा. त्यामुळे ग्लासगोहून मुख्य भूमीवरचे ओबान बंदर, तिथून बॅराच्या कासलबे बंदरापर्यंत पावणेपाच तासांची मोठी बोट, पुढे बॅरा ते एरिस्के चाळीस मिनिटांची आणि बर्नरे ते हॅरिसमधील लीव्हरबर्ग एक तासाची अशा दोन छोट्या बोटी आणि शेवटी लुईसवरच्या स्टॉर्नोवेहून मुख्य भूमीवरच्या उल्लापूलला परतणारी मोठी बोट, एवढ्या चार बोटींत सारी माळ पाहून होते. स्कायला मुख्य भूमीशी जोडणारा पूल आहे, त्यामुळे बोटीचे पैसे वाचतात हे खरे. पण उन्हाळ्यात तिथे इतकी गर्दी असते की हॉस्टेलची खाट कित्येक महिने आधी धरावी लागते. स्काय मी या प्रवासातून वगळले आणि त्याची खंत वाटली नाही.

बोटींचे दर २००८ साली या बेटांसाठी प्रायोगिक तत्त्वावर बदलले गेले आणि पुढे तेच कायम झाले. तेवढेच अंतर रस्त्याने कापायला जो खर्च येईल त्याच्याशी भाडे जोडायचे, असे त्यामागचे तत्त्व आहे. ओबान ते कासलबे गाडीचे एकेरी भाडे पंचाहत्तर पौंडांच्या वर जाते, तर छोट्या बोटींना गाडीमागे वीस पौंडांच्या आत लागतात. गाडीच्या तिकिटात चालक धरलेला नसतो, त्याचे तिकीट वेगळे काढावे लागते. पहिल्यांदा हिशेब करणारे नेमके इथेच चुकतात. पायी जाणाऱ्याला बोटीवर जागा सहसा मिळते, गाडीला मात्र मिळेलच असे नाही. त्यामुळे तारखा ठरल्या की आधी बोटींची आरक्षणे करावीत, त्यानंतर हॉस्टेल आणि सर्वांत शेवटी भाड्याची गाडी. गाडी बोटीवर नेण्याची परवानगी भाड्याच्या करारात आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. भारतीय परवान्यावर पाहुण्याला बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असते आणि हाताने गिअर बदलायची गाडी स्वयंचलित गाडीपेक्षा स्वस्त पडते. आपल्याकडे शिकलेल्याला हा फायदा सहज मिळतो.

हॉस्टेलांबाबत थोडे सविस्तर सांगते, कारण या प्रवासातला खरा आनंद त्यांत आहे. उन्हाळ्यात एका खाटेचे साधारण वीस ते पस्तीस पौंड धरावेत. हर्बर्ट गॅटलिफ यांच्या नावाचा एक न्यास या बेटांवर साधी हॉस्टेले चालवतो. साउथ यूइस्टवरचे हाउमोर, बर्नरे आणि हॅरिसवरचे रेनिगिडेल ही ती हॉस्टेले. जुनी दगडी घरे नीटनेटकी करून त्यांत खाटा, स्वयंपाकघर आणि शेगडी ठेवली आहे. स्वागतकक्ष वगैरे काही नाही. संध्याकाळी गावातली देखरेख करणारी व्यक्ती येऊन पैसे घेऊन जात असे. स्लीपिंग बॅग सोबत असावी.

हाउमोरला आम्ही दोन रात्री राहिलो. हॉस्टेलपासून समुद्रापर्यंत शिंपल्यांच्या वाळूवर वाढलेली सपाट कुरणे आहेत, त्यांना तिथे माखर म्हणतात. रात्री दहा वाजून गेले तरी पुस्तक वाचता येईल इतका उजेड होता आणि गवतातून कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा ‘क्रेक्स-क्रेक्स’ असा आवाज एकसारखा येत होता. तो कॉर्नक्रेक पक्षी. ब्रिटनमध्ये इतरत्र तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे, या बेटांवर मात्र अजून टिकून आहे. पहाटे तीनपर्यंत त्याने आम्हाला झोपू दिले नाही. सकाळी चहा करताना शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी न विचारताच कानात घालायचे बोळे पुढे केले.

हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात स्वतः शिजवले की सर्वांत जास्त पैसे वाचतात. ग्लासगोच्या पोलॉकशील्ड्स भागातल्या आपल्याकडच्या मालाच्या दुकानांतून तांदूळ, मूगडाळ, पोहे, मसाला आणि लोणच्याची बाटली घेतली. भाजी, दूध, अंडी कासलबे, बेन्बेक्युला आणि स्टॉर्नोवेच्या दुकानांत मिळतात. नऊ दिवसांत बाहेर आम्ही तीनदाच जेवलो. एक सूचना मात्र अवश्य पाळावी : हॉस्टेलमध्ये फोडणी करायची तर आधी खिडकी उघडावी, कारण मोहरी तडतडण्याआधीच धुराची घंटा वाजते आणि मग भर पावसात अंगणात उभे राहून सगळ्यांची क्षमा मागावी लागते.

आता रविवार. लुईस आणि हॅरिस या उत्तरेकडच्या भागात प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे लोक रविवार कडकपणे पाळतात, तर साउथ यूइस्ट आणि बॅरा कॅथलिक असल्यामुळे तिथे तेवढे बंधन जाणवत नाही. स्टॉर्नोवेहून मुख्य भूमीकडे रविवारची बोट २००९च्या जुलैपर्यंत सुटतच नसे. आजही हॅरिसमध्ये रविवारी बहुतेक दुकाने आणि पेट्रोलपंप बंद असतात. हे मला वाचून माहीत होते, तरीही शनिवारी संध्याकाळी टाकीचा काटा लाल रेघेवर असताना ‘उद्या टारबर्टला भरू’ (टारबर्ट हे हॅरिसमधले मोठे गाव) म्हणून मी गाडी थेट रेनिगिडेलला नेली. चूक सर्वस्वी माझी. रविवारभर गाडी जागची हलली नाही.

पण तो दिवस वाया गेला नाही. रेनिगिडेलपर्यंत १९९०पर्यंत गाडीरस्ताच नव्हता; होडीने यावे, नाहीतर डोंगरावरच्या पायवाटेने. टपालसुद्धा त्याच वाटेने चालत येत असे. आम्ही त्या वाटेने निघालो. आधी समुद्राच्या काठाने, ओसाड पडलेल्या घरांच्या भिंतींजवळून ती जाते आणि मग नागमोडी वळणे घेत अंगावर येणाऱ्या चढाने खिंडीत चढते. राजगडाच्या वाटेची सवय असलेल्या माझ्या बहिणीनेही मध्ये दोनदा दम खाल्ला. या हॉस्टेलमध्ये रविवारी नव्याने येऊ नये आणि निघूही नये, अशी गावाच्या रीतीला धरून विनंती केली जात असे, तेव्हा शनिवार-रविवार असा सलग मुक्काम धरणेच सोयीचे.

रस्ते बहुतांशी एकपदरी आहेत आणि ठरावीक अंतरावर बाजू देण्यासाठी जागा सोडलेल्या आहेत. ती जागा आपल्या डाव्या हाताला असेल तर तीत शिरावे. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर डावीकडेच थांबून समोरच्याला तीत वळू द्यावे. मागून स्थानिक गाडी आली तरी तिला वाट द्यावी, आणि त्या जागेत गाडी लावून छायाचित्रे काढू नयेत. शंभर किलोमीटरला दोन तास धरावेत. मेंढ्या रस्त्यातच बसतात, हॉर्नने उठत नाहीत.

पाहण्याच्या बहुतेक गोष्टींना पैसे पडत नाहीत. लस्केंटायरचा समुद्रकिनारा आणि कॅलनिशची सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची उभी शिळावर्तुळे विनामूल्य आहेत. शिळांजवळ संध्याकाळी उशिरा जावे, तोवर बसगाड्या निघून गेलेल्या असतात. बॅराचे विमानतळ भरतीत पाण्याखाली जाणाऱ्या वाळूवर आहे आणि विमान उतरताना कुंपणाबाहेरून पाहता येते. फक्त भरती-ओहोटीप्रमाणे बदलणारे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवावे.

दिवसांची वाटणी आम्ही अशी केली : ओबान एक रात्र, बॅरा एक, हाउमोर दोन, बर्नरे एक, रेनिगिडेल दोन आणि स्टॉर्नोवे एक. पुन्हा जायचे झाले तर बॅराला आणखी एक रात्र देईन आणि त्यासाठी स्टॉर्नोवेची रात्र कापेन. वाऱ्यामुळे बोटी कधीकधी रद्द होतात, म्हणून परतीचे विमान शेवटच्या बोटीच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नये; मध्ये एक मोकळा दिवस ग्लासगो किंवा इन्व्हरनेसमध्ये असू द्यावा.