पैसे भरूनही अधिकृत स्ट्रीमिंग साइटवर हवा तो सिनेमा का मिळत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन-तीन ठिकाणी सदस्यत्व घेतलंय, तरी जे बघायचं ते नेमकं नसतं. गाण्यांच्या ॲपवर जवळजवळ सगळं सापडतं, चोरट्या साइटवर तर मागाल ते हजर. मग पैसे मोजणाऱ्याच्याच वाट्याला एवढं मोजकं का?

चोरट्या साइटला कुणाला विचारावं लागत नाही, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं जरा कडू आहे: अधिकृत साइटना सगळं ठेवायचंही नसतं.

आधी परवानगीचं बघू. मी काही वर्षं एका वितरकाकडे जुने सिनेमे प्लॅटफॉर्मना देण्याचं काम केलं. तिथला सगळा व्यवहार एका तक्त्यावर चालतो, त्याला 'अव्हेल्स' म्हणतात. एका ओळीत सिनेमाचं नाव, मग टेरिटरी (म्हणजे कुठला देश किंवा प्रदेश), भाषा, हक्काचा प्रकार (सदस्यत्वावर, एकदा भाड्याने, की जाहिरातींसह फुकट), विंडो, म्हणजे दाखवायची मुदत, कधी उघडते, कधी बंद होते, आणि एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे एकालाच दिलेला, आहे का. सिनेमा एकच असला तरी त्याच्या ओळी ढीगभर होतात, कारण प्रत्येक देशाचं उत्तर वेगळं. इथे हक्क मोकळे, शेजारच्या देशात एका वाहिनीकडे आणखी चार वर्षं अडकलेले, तिसरीकडे निर्मात्याने कधीतरी कायमचे विकून टाकलेले. म्हणूनच परदेशी गेलात की तेच ॲप, तोच पासवर्ड, पण यादी निराळी. (युरोपीय संघाने १ एप्रिल २०१८ पासून यावर थोडा उपाय केला: एका सदस्य देशातून दुसऱ्यात तात्पुरतं गेलेल्या ग्राहकाला आपल्या देशाची यादी दिसली पाहिजे. मुक्काम कायमचा हलवलात की मात्र पुन्हा नव्या देशाची यादी.)

त्या तक्त्यातला डोकं उठवणारा रकाना 'होल्डबॅक'चा. ज्याने हक्क घेतले तो अट घालतो, अमुक तारखेपर्यंत हा सिनेमा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. आणि हक्क घेतले म्हणजे तो सिनेमा दाखवेलच असंही नाही. स्वतः लावत नाही, दुसऱ्याला लावू देत नाही, असंही चालतं. सिनेमा कुठेच दिसत नाही याचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की तो कुणाच्या तरी करारात बसून आहे.

डिस्कच्या काळात ही भानगड नव्हती. अमेरिकेत एकदा विकत घेतलेली डिस्क पुढे भाड्याने द्यायला निर्मात्याची परवानगी लागत नाही. पहिल्या विक्रीनंतर त्या प्रतीवरचा मालकाचा ताबा संपतो, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्येच एका पुस्तकाच्या खटल्यात मान्य केलं होतं. नेटफ्लिक्स उभी राहिली ती याच्या जोरावर. १९९८ पासून बाजारात मिळेल ती डिस्क घ्यायची, टपालाने पाठवायची, कुणाला विचारायचं नाही. जानेवारी २००७ मध्ये त्यांनी स्ट्रीमिंग सुरू केलं तेव्हा तिथे साधारण १,००० नावं होती, आणि डिस्कच्या बाजूला ७०,००० च्या आसपास. कंपनी तीच, गिऱ्हाईक तेच. इंटरनेटचा वेग हे एक कारण होतंच, पण मोठी अडचण परवानगीची होती. वेग केव्हाच वाढला, परवानगी आहे तिथेच राहिली. डिस्कचा धंदा त्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला.

मधली काही वर्षं बरी गेली. स्टुडिओंना स्ट्रीमिंग म्हणजे वरकमाई वाटत होती, त्यामुळे ते स्वस्तात देऊन टाकत. २००८ मध्ये नेटफ्लिक्सने स्टार्झ या वाहिनीशी करार केला आणि त्या आडवाटेने डिस्ने आणि सोनीचे सिनेमे मिळवले. फेब्रुवारी २०१२ च्या अखेरीस करार संपला, सिनेमे गेले. पुढे स्टुडिओंच्या लक्षात आलं की आपणच आपला प्रतिस्पर्धी पोसतोय. डिस्नेने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वतःची सेवा काढली, वॉर्नरने मे २०२० मध्ये. अमेरिकेत 'फ्रेंड्स' आणि 'द ऑफिस' नेटफ्लिक्सवरून उठून आपापल्या मालकांच्या घरी गेल्या. एका ठिकाणी मिळणारं पाच ठिकाणी वाटलं गेलं आणि पाचही जण पूर्ण वर्गणी मागू लागले.

'ओरिजिनल' अशी पाटी लावलेलं तरी त्यांचं असतं का? नेहमी नाही. 'हाउस ऑफ कार्ड्स' ही नेटफ्लिक्सची ओळख बनलेली मालिका २०१३ मध्ये आली, पण ती बनवली दुसऱ्याच कंपनीने आणि परदेशी हक्क वेगळे विकले गेले. फ्रान्समध्ये ती कनाल प्लस या वाहिनीने घेतली. सप्टेंबर २०१४ मध्ये नेटफ्लिक्स फ्रान्समध्ये उतरली, तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकांना नेटफ्लिक्सवर नेटफ्लिक्सचीच मालिका मिळत नव्हती.

गाण्यांचा गुंता तर निराळाच. सिनेमात एखादं आधीचं गाणं वाजलं की दोन परवानग्या लागतात, रचनेची एक आणि ध्वनिमुद्रणाची दुसरी. त्या बहुधा दोन वेगळ्या कंपन्यांकडे असतात. जुन्या मालिकांचे करार झाले तेव्हा 'टीव्हीवर इतकी वर्षं' एवढंच लिहिलेलं असायचं. स्ट्रीमिंग हा शब्द कुणाच्या स्वप्नातही नव्हता, मग करारात कुठून येणार? १९७८ मध्ये सुरू झालेली 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही अमेरिकन मालिका रेडिओ स्टेशनवर घडते, म्हणजे मागे सतत गाणी. परवाने संपल्यावर तिच्या पुनःप्रसारणात मूळ गाणी काढून कुठलंही बिनओळखीचं संगीत भरलं गेलं. निवेदक मोठ्या ठसक्यात रेकॉर्ड लावतो आणि वाजतं काय, तर लिफ्टमधलं संगीत! गाण्यावर बोलल्या जाणाऱ्या विनोदांची त्यात पार वाट लागली. 'मूनलायटिंग' १९८९ मध्ये संपली आणि स्ट्रीमिंगवर आली ऑक्टोबर २०२३ मध्ये. एवढा उशीर व्हायला गाण्यांचे हक्क हे मोठं कारण होतं.

काही वेळा मालक कोण हाच घोळ असतो. करार करताना प्लॅटफॉर्म 'चेन ऑफ टायटल' मागतो, म्हणजे निर्मात्यापासून आजच्या मालकापर्यंत सगळ्या हस्तांतरणांचे कागद. मधली एक कंपनी बुडालेली, एका भागीदाराच्या वारसांचं आपसात पटत नाही, की फाइल तिथेच थांबते. कधी मालक माहीत असतो आणि तोच अडचण असतो. १९९९ चा 'डॉग्मा' वर्षानुवर्षं कायदेशीरपणे स्ट्रीम करता येत नव्हता, कारण हक्क वाइनस्टीन बंधू या हॉलिवूड निर्मात्यांकडे व्यक्तिशः होते. ते दुसऱ्यांनी विकत घेतल्यावर २०२५ मध्ये तो पुन्हा थिएटरात आला.

समजा कागद जमले. मग मास्टर, म्हणजे सिनेमाची मूळ दर्जेदार प्रत लागते, आणि तिचं क्यूसी, म्हणजे दर्जाची तपासणी होते. परत येणारे शेरे साधारण असे: '००:४२:१७ ला फ्रेम गळली', 'तिसऱ्या रिळापासून आवाज दोन फ्रेम मागे', 'संवाद आणि पार्श्वसंगीत वेगळे ट्रॅक नाहीत, डब करता येणार नाही'. दुरुस्तीचा खर्च वितरकाचा. प्लॅटफॉर्म एका जुन्या, फारशा न गाजलेल्या सिनेमाला जे देऊ करतो त्यात तो खर्चही निघत नाही. आमच्याकडे असे कितीतरी सिनेमे कागदोपत्री मोकळे होते आणि कपाटात पडून होते.

आता कडू भाग. वर्गणीवर चालणाऱ्या सेवेला दोनच गोष्टींची काळजी: नवा माणूस येतो का, आणि आलेला जातो का. चाळीस वर्षांपूर्वीचा एखादा शांत सिनेमा यातलं काहीच करत नाही. तुम्ही तो नाही म्हणून चिडता, दोन शिव्या घालता आणि दुसरं काहीतरी बघता. हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ॲपमध्ये एखादा नसलेला सिनेमा शोधून बघा. तीन अक्षरं टाइप केलीत की पूर्ण नाव खाली हजर होतं, बिनचूक. म्हणजे नाव त्यांच्याकडे आहे, लोक ते शोधतात याची नोंदही आहे. नावावर टिचकी मारली की येतात 'याच्याशी मिळतीजुळती' पोस्टरं. सेवा म्हणजे ग्रंथालय अशी आपली समजूत असते, प्रत्यक्षात ती दुकानाची दर्शनी काच आहे.

स्वतःच्या मालकीचं असलं तरी ते टिकवतीलच असं नाही. वॉर्नरने 'वेस्टवर्ल्ड' ही आपलीच गाजलेली मालिका डिसेंबर २०२२ मध्ये स्वतःच्याच सेवेवरून काढली. डिस्नेने मे २०२३ मध्ये डझनावारी शीर्षकं उतरवली. त्यात 'विलो' ही मालिका होती, जिला येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. कारण हिशेबाचं: ठेवलं तर कलाकार-लेखकांना मोबदला देत राहावा लागतो, काढलं तर तोटा म्हणून दाखवता येतं. डिस्नेने त्या वेळी आपल्या कार्यक्रमांच्या हिशेबी किमतीत १.५ अब्ज डॉलरची घट दाखवली. यावर माझा राग आहे, आणि तो लपवण्याचं कारण नाही. जे डिस्कवर कधी आलंच नाही ते सेवेवरून काढणं म्हणजे कायदेशीर प्रेक्षकासाठी ते नष्ट करणं.

गाण्यांच्या ॲपचं गणित वेगळं आहे. जगातल्या बऱ्याच मोठ्या संगीताचे हक्क तीन कंपन्यांकडे आहेत, युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर. त्या आपला माल सगळ्या ॲपना देतात, कारण पैसे ऐकण्याच्या वाट्यानुसार मिळतात आणि एक गाणं माणूस शंभरदा ऐकतो. सिनेमा आपण बहुधा एकदाच बघतो, शिवाय त्याचा भाव एक्स्क्लुझिव्ह असण्यातच असतो. त्यामुळे सगळे सिनेमे एकाच वर्गणीत देणारी साइट नजीकच्या काळात येईल असं मला वाटत नाही.

मग करायचं काय? सदस्यत्वांची संख्या वाढवू नका, फिरती ठेवा. एका महिन्यात एक, त्यातलं हवं ते बघून झालं की बंद. शोध ॲपमध्ये सुरू करू नका, जस्टवॉच या साइटवर देश निवडून करा. सिनेमा कुठे वर्गणीवर आहे आणि कुठे भाड्याने, दोन्ही दिसतं. हा भाड्याचा रकाना लोक उगाच टाळतात. तिथे विक्रेत्याला आगाऊ मोठी रक्कम मोजावी लागत नाही, विक्रीमागे हिस्सा द्यायचा असतो, म्हणून भाड्याची यादी वर्गणीच्या यादीपेक्षा पुष्कळ मोठी असते. तीन वर्गण्यांऐवजी एक वर्गणी आणि अधूनमधून भाडं हे गणित बऱ्याच जणांना परवडतं. काही देशांत ग्रंथालयाच्या कार्डावर कॅनोपीसारखी सेवा फुकट मिळते. स्वामित्वहक्क संपलेले सिनेमे इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' तर अमेरिकेत पहिल्यापासूनच मोकळा आहे: ऐनवेळी नाव बदलताना प्रतींवरची स्वामित्वहक्काची ओळच गळाली, आणि तेव्हाच्या कायद्यात ती नसली की हक्क जात असे.

'विकत घ्या' या बटणावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. डिसेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशनने ग्राहकांना कळवलं होतं की डिस्कव्हरीचे विकत घेतलेले कार्यक्रम त्यांच्या खात्यातून जाणार. बोंबाबोंब झाली आणि नवा करार होऊन ते राहिले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे: जे काढून घेता येतं त्याला नुसतं 'खरेदी' म्हणायचं नाही, ग्राहकाला फक्त परवाना मिळतोय हे स्पष्ट सांगायचं. जो सिनेमा गमावून चालणार नाही त्याची डिस्क घ्या. घेताना रीजन कोड, म्हणजे ती कुठल्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल याची खूण, तपासा. डीव्हीडीला आकडे असतात, ब्लू-रेला ए, बी, सी. टेरिटरीची कटकट तिथेही सुटत नाही, फक्त ती एकदाच बघावी लागते.